फ्लॅपची दुसरी रात्र : जबड्याच्या पुनर्रचनेनंतरच्या शुश्रूषेचं एक प्रकरण

हे प्रकरण एकाच रुग्णाची फाइल उघडून लिहिलेलं नाही. तोंडाच्या कर्करोगाच्या वॉर्डात जे पुन्हा पुन्हा घडतं, ते इथे एका माणसावर रचलं आहे. त्यामुळे कुणाची ओळख उघडी पडत नाही आणि तासातासाचा हिशेबही सलग दिसतो.

रुग्ण 48 वर्षांचा टेम्पोचालक, मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावचा. ऐन विशीपासून तंबाखू-चुना, बार कायम डाव्या गालात. जखम झाली तीही तिथेच, खालच्या दाढांच्या हिरडीला लागून. गावात आधी दाढदुखीच्या गोळ्या झाल्या, मग दाढ काढली. काढलेल्या दाढेची जागा भरेना, तेव्हा कुणीतरी शहरात पाठवलं. तोवर तोंडात दोन बोटंही जात नव्हती आणि तीन महिन्यांत वजन 55 किलोवरून 47 वर आलं होतं. बायोप्सीत कर्करोग निघाला. सीटी स्कॅनमध्ये तो जबड्याच्या हाडात शिरलेला दिसला, म्हणजे टप्पा पुढचा, टी-4ए. फुप्फुसं स्वच्छ होती. शस्त्रक्रिया सरकारी आरोग्य योजनेतून मंजूर झाली.

मंगळवारी सकाळी सुरू झालेलं ऑपरेशन संध्याकाळी सातला संपलं. एका चमूने डाव्या बाजूचा जबडा, गालाचं आतलं अस्तर आणि मानेतल्या गाठी काढल्या. दुसऱ्या चमूने त्याच वेळी उजव्या पायातलं बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, फिब्युला, त्यावरच्या त्वचेच्या पट्ट्यासकट आणि रक्तवाहिन्यांसकट मोकळं केलं. हाडाचे तुकडे करून ते टायटॅनियमच्या प्लेटवर जबड्याच्या वळणाप्रमाणे बसवले. त्वचेचा पट्टा गालाच्या आत शिवला. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली एक धमनी आणि दोन शिरा मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडल्या. असा रक्तवाहिन्यांसकट हलवून बसवलेला तुकडा म्हणजे फ्लॅप. या वाहिन्यांचा व्यास दोन-तीन मिलिमीटर असतो आणि टाके केसाहून बारीक. रक्तवाहिन्यांसकट फिब्युला एका जागेवरून दुसरीकडे नेल्याचा पहिला अहवाल 1975 मध्ये इयन टेलर यांनी ऑस्ट्रेलियातून दिला. जबड्यासाठी तो वापरल्याचा अहवाल डेव्हिड हिडाल्गो यांनी 1989 मध्ये न्यूयॉर्कमधून दिला. आज जबड्याच्या पुनर्रचनेत पहिला विचार याच हाडाचा होतो.

नातेवाईक बाहेर थांबलेले असतात. डॉक्टर येऊन "ऑपरेशन व्यवस्थित झालं" म्हणतात आणि सगळ्यांना वाटतं, सुटलो. या शस्त्रक्रियेत मात्र निम्मं काम तिथून पुढे असतं आणि त्यातलं बरंचसं रात्रपाळीच्या वाट्याला येतं.

पहिले तीस तास

फ्लॅप निकामी होतो तो बहुतेक वेळा पहिल्या 48 ते 72 तासांत, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच: जोडलेल्या रक्तवाहिनीत गुठळी किंवा तिच्यावर बाहेरून दाब. धमनीपेक्षा शिरेचा त्रास जास्त वेळा होतो. शिरेची भिंत पातळ असते, तिच्यातला दाब कमी असतो, त्यामुळे थोडीशी सूज किंवा पीळही तिला पुरतो. अडथळा वेळेत सापडला तर पुन्हा ऑपरेशनला नेऊन फ्लॅप बहुतेकदा वाचवता येतो. तास निघून गेले की बारीक केशवाहिन्यांतच रक्त गोठतं. मग मोठी वाहिनी उघडूनही उपयोग होत नाही.

म्हणून पहिले 24 तास दर तासाला फ्लॅप बघायचा. 2017 मध्ये ईआरएएस सोसायटीने (शस्त्रक्रियेनंतर रुग्ण लवकर सावरावा यासाठी काम करणाऱ्या संस्थेने) डोकं-मान कर्करोगाच्या फ्लॅप शस्त्रक्रियांसाठी ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांतही हेच आहे, आणि बघणारा माणूस अनुभवी असावा हेही. तक्त्यात पाच रकाने असतात: रंग, उबदारपणा, फुगवटा, बोटाने दाबल्यावर रंग परत यायला लागणारा वेळ (रिफिल), आणि डॉप्लरचा, म्हणजे रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राचा, आवाज. डॉप्लर नेमका कुठे टेकवायचा तिथे सर्जनने निळ्या धाग्याचा टाका ठेवलेला असतो.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात त्वचेचा हा पट्टा तोंडाच्या आत, सुजलेल्या ओठांमागे, लाळ आणि रक्ताळ फेसाखाली असतो. आधी सक्शनने तोंड साफ करायचं, मग लाकडी चपट्या काडीने गाल हलकेच बाजूला धरायचा, दुसऱ्या हातात टॉर्च. टॉर्च पिवळट उजेडाची असेल तर रंगाचा अंदाज चुकतो, म्हणून पांढऱ्या उजेडाचीच लागते. आणि आपल्याकडच्या सावळ्या पायाची त्वचा पुस्तकातल्या चित्रांसारखी गुलाबी कधीच दिसत नाही. तो पट्टा मुळातच तपकिरी असतो. निळसर झाला की नाही हे आधीच्या तासाशी ताडूनच कळतं, आणि आधीच्या तासाला दुसऱ्याच कुणी बघितलेलं असतं.

यावर या वॉर्डात एक रिवाज होता. पाळी बदलताना जाणारी आणि येणारी सिस्टर, दोघींनी एकाच टॉर्चच्या उजेडात फ्लॅप एकत्र बघायचा. नुसतं तोंडी "फ्लॅप ओके आहे" चालत नसे. शिवाय ऑपरेशन संपताना काढलेला फ्लॅपचा फोटो फाइलला लावलेला असे. माझ्या मते अतिदक्षता विभागातल्या कुठल्याही महागड्या मॉनिटरपेक्षा या दोन गोष्टींनी जास्त फ्लॅप वाचवले असतील.

बाकीची व्यवस्था पहिल्या दिवशी नेहमीप्रमाणे चालू होती. डोकं 30 अंश वर आणि मान सरळ, कुठल्याही बाजूला वळू द्यायची नाही. रक्तदाब पडू द्यायचा नाही, लघवी तासाला किलोमागे किमान अर्धा मिलिलिटर. अंगावर पांघरूण, कारण थंडीने वाहिन्या आकसतात. ट्रॅकिऑस्टॉमीच्या, म्हणजे श्वासासाठी गळ्यात छेद देऊन बसवलेल्या नळीचं बूड टाक्यांनी त्वचेला शिवलेलं. एरवी ही नळी मानेभोवती फीत बांधून धरतात, पण फ्लॅपच्या रुग्णात ती फीत चालत नाही. जोडलेली शीर नेमकी तिच्याच खालून जाते.

बुधवारी दुपारी गुंगीचं औषध उतरवलं. रुग्ण जागा झाला, मुलाला ओळखलं, हाताने "पाणी" खुणावलं. संध्याकाळपासून मात्र तो अस्वस्थ होत गेला. घाम, हातांना थरथर, नाडी 124, रक्तदाब 170 च्या वर. खोकल्याची उबळ येई तेव्हा आणखी चढे. तो नळीकडे हात नेऊ लागला. दुखत असेल म्हणून दुखण्याचं औषध वाढवलं गेलं, आणि नळी उपसून निघू नये म्हणून कुणीतरी चांगल्या हेतूने मानेभोवती फीत बांधली.

गुरुवारी रात्री दोन वाजता, ऑपरेशन संपून 31 तास झाले असताना, रात्रपाळीच्या सिस्टरने तक्त्यात लिहिलं: "रंग गडद वाटतो. रिफिल झटकन. डॉप्लर आहे." आणि ती तिथेच थांबली नाही. डॉप्लर आहे म्हणजे सगळं ठीक, असं समजून कित्येक ठिकाणी ही वेळ निघून जाते. शिरेत अडथळा आला तरी धमनीचा ठोका बराच वेळ ऐकू येत राहतो. रक्त आत येत असतं, बाहेर जायला वाट नसते. तिने निवासी डॉक्टरला उठवलं आणि तो येईपर्यंत ड्रेनची, म्हणजे मानेतलं साचणारं रक्त बाहेर काढणाऱ्या नळीची, बाटली बघितली. रात्री अकरापर्यंत ती तासाला 20-25 मिलिलिटर भरत होती. अकरानंतर एक थेंबही नव्हता.

निवासी डॉक्टरने सुईचं टोक पट्ट्याला टोचलं. धमनी बंद असेल तर रक्त येत नाही, किंवा खूप उशिरा येतं आणि पट्टा फिका, थंड पडलेला असतो. इथे टोचताक्षणी काळसर रक्त भळकन आलं. मानेची डावी बाजू हाताला टणक लागत होती. त्याने फीत कापली, मान सरळ केली, ड्रेनची नळी पिळून बघितली. नळीत गोठलेलं रक्त होतं. दहा मिनिटांत रंगात फरक पडला नाही, तेव्हा सर्जनला फोन गेला. साडेतीनला रुग्ण ऑपरेशन थिएटरमध्ये होता.

मानेत साकळलेल्या रक्ताचा मोठा गोळा निघाला. एका बारीक वाहिनीतून रक्तस्राव झाला होता, ड्रेन गुठळीने तुंबला आणि गोळ्याने शिरा दाबल्या. एका शिरेत जोडाजवळ गुठळी झाली होती. ती काढून जोड नव्याने घातला. सहा वाजता पट्टा पुन्हा तपकिरी झाला.

दारूचा प्रश्न

रक्तस्राव का झाला, याचं उत्तर सकाळी मिळालं. ऑपरेशनपूर्व तपासणीत "दारू?" या रकान्यात "कधीतरी" असं लिहिलेलं होतं. हा प्रश्न रुग्णाला विचारला होता त्याच्या बायको-मुलासमोर, भरलेल्या ओपीडीत. गुरुवारी सकाळी मुलाला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा तो म्हणाला, "रोज एक क्वार्टर, डॉक्टर. रविवारी रात्रीसुद्धा घेतली होती. पप्पांनी सांगू नको म्हटलेलं."

रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांत थरथर, घाम सुरू होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम, भयंकर अस्वस्थता, कधी झटके. मंगळवारभर भूल आणि रात्री गुंगी असल्यामुळे सुरुवातीची लक्षणं झाकली गेली. बुधवारी गुंगी उतरली आणि ऐन तिसऱ्या दिवसाचा भर बाहेर पडला. रक्तदाब, खोकला, धडपड, मानेतला रक्तस्राव आणि ती फीत: सगळी साखळी त्या एका रकान्यापासून निघते. दारू सोडवताना द्यायचं लोराझेपाम आणि थायमिन सुरू केल्यावर शुक्रवारी रात्रीपर्यंत माणूस शांत झाला.

हा प्रश्न एकट्याला, दार लावून, आणि "भूल देताना औषधाचं प्रमाण ठरवायला लागतं" असं कारण सांगून विचारला तर खरं उत्तर मिळतं. तंबाखूला लाज नाही, दारूला आहे. तंबाखूचं उत्तर सगळे घडाघडा देतात.

तंबाखूचंही एक प्रकरण सोमवारी झालंच. भेटायला आलेल्या चुलतभावाने उशाशी पुडी ठेवली, "बघून बरं वाटेल" म्हणून. वॉर्डातल्या मावशींनी उशी झटकताना ती पकडली. निकोटिनने वाहिन्या आकसतात आणि जखमा भरायला वेळ लागतो. मावशींना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी चुलतभावाला जे सुनावलं, ते इथे छापता येणार नाही, पण त्यानंतर पुडी आली नाही.

नाकातली नळी आणि उपाशी शरीर

अन्न नाकातल्या नळीवाटे पहिल्या 24 तासांतच सुरू करायचं असतं, ते झालं होतं. प्रश्न किती द्यायचं हा होता. तीन महिन्यांत जवळजवळ 15 टक्के वजन घटलेला आणि वर रोज पिणारा माणूस. अशा शरीराला एकदम पोटभर अन्न दिलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने खाली येतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. नातेवाइकांना हे पटवणं अवघड जातं. इतके दिवस उपाशी आहे म्हणून जास्त द्या, असं त्यांचं म्हणणं, आणि ते स्वाभाविकच आहे. आधी थायमिन, मग किलोमागे 10 कॅलरीपासून सुरुवात, रोज रक्त तपासून थोडी थोडी वाढ, असं करत आठवड्याच्या शेवटी किलोमागे 30 कॅलरी आणि दीड ग्रॅम प्रथिनांपर्यंत पोचवलं. दुसऱ्या दिवशी फॉस्फेट खाली गेलंच होतं. तपासलं म्हणून कळलं आणि शिरेतून भरून काढलं.

ट्रॅकिऑस्टॉमीने या काळात तसा त्रास दिला नाही. नळीच्या तोंडावर ओला गॉझ, आतली नळी दर पाळीत काढून धुणं, सक्शन एका वेळी 10-15 सेकंदांच्या वर नाही. सूज उतरल्यावर नळीभोवतीचा फुगा सोडला, नळी बुचाने बंद ठेवून दिवस-रात्र नीट श्वास घेतो का बघितलं आणि नवव्या दिवशी काढली. तोपर्यंतचं बोलणं पाटीवर. रुग्णाला लिहिता येत होतं म्हणून बरं. न येणाऱ्यांसाठी पाणी, दुखतंय, लघवी, थंडी, कफ अशी चित्रं असलेला पुठ्ठा आधीच दाखवून ठेवावा लागतो, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. नंतर दाखवला तर घाबरलेला माणूस त्यावर बोट ठेवत नाही, हातवारे करत राहतो.

पायाबद्दल थोडक्यात. जिथून त्वचा घेतली तिथे मांडीची पातळ कातडी लावली होती, म्हणून काही दिवस प्लास्टरची पट्टी. बोटं गरम आहेत का, अंगठा वर उचलतो का, हे पहिल्या दिवसापासून रोज बघायचं. खुर्चीत दुसऱ्या दिवशी बसवायचं होतं, पण ते दुसऱ्या ऑपरेशनमुळे लांबलं. सातव्या दिवशी वॉकर घेऊन उभं केलं. फिब्युलावर शरीराचा भार फारसा नसतो आणि घोट्याकडची काही सेंटिमीटर मुद्दाम शिल्लक ठेवतात, त्यामुळे माणूस व्यवस्थित चालायला लागतो. हे बायकोला तीनदा सांगावं लागलं, कारण गावात कुणीतरी "पायाचं हाड काढलं म्हणजे लंगडा होणार" असं सांगून ठेवलं होतं.

लाळेची गळती

आठव्या दिवशी हनुवटीच्या डाव्या बाजूखाली लाली आली, थोडा ताप. दहाव्या दिवशी तिथल्या टाक्यांतून पातळ, बुळबुळीत पाणी झिरपायला लागलं आणि गिळताना जास्त यायचं. तोंडातला शिवलेला जोड एका ठिकाणी उकलून लाळ मानेत उतरत होती. कुपोषण, दोनदा झालेलं ऑपरेशन आणि मानेत साकळलेलं रक्त हे सगळं पाठीशी असताना याचं नवल नव्हतं.

अशा वेळी पुन्हा शिवण्याची घाई कामाची नसते. जखम थोडी उघडून लाळेला मोकळी वाट द्यायची, आणि ती वाट हनुवटीकडून, जोडलेल्या वाहिन्यांपासून लांब ठेवायची. लाळ वाहिन्यांवर साचली तर जोड कुजतो, आणि मानेतली मोठी धमनी उघडी पडली तर क्षणात जीव जाऊ शकतो. म्हणून रोज दोनदा धुणं आणि गॉझ भरणं, जखमेतल्या जंतूंच्या अहवालाप्रमाणे अँटिबायोटिक, तोंडाने पाण्याचा थेंबही नाही. आणि एक सूचना फळ्यावर मोठ्या अक्षरांत: ड्रेसिंगवर ताजं लाल रक्त, चमचाभर का असेना, दिसलं तर लगेच कळवा, रात्र असली तरी. मोठ्या रक्तस्रावाच्या आधी असा छोटा इशारा बऱ्याचदा येतो आणि तो आपोआप थांबतो. तो थांबतो, म्हणूनच लोक फसतात.

गळती भरायला तीन आठवडे लागले. दहाव्या दिवशी तोंडाने पाणी सुरू करायचं ठरलं होतं, ते तिसाव्या दिवसावर गेलं. तोवर दवाखान्यात ठेवणं शक्य नव्हतं. खाट हवी होती, आणि मुलाची नोकरीवरची सुट्टी संपली होती.

घरी

सतराव्या दिवशी नाकातली नळी आणि मानेवर ड्रेसिंग घेऊन घरी. कार्डावर "आरटी फीड (म्हणजे नाकातल्या नळीने अन्न), ड्रेसिंग, 1 आठवड्याने या" एवढं लिहून देण्याची पद्धत आहे. ती मला धोकादायक वाटते. इथे सिस्टरने बायकोला आदल्या तीन दिवसांत स्वतःच्या हाताने सगळी फीड द्यायला लावली आणि आपण नुसतं बघत उभी राहिली. चौथ्या दिवशी त्या ताईंनीच सिस्टरला सांगितलं, "सिस्टर, सिरिंज दाबायची नाही, वर धरायची. आपोआप उतरतं."

फीड काय द्यायचं ते घरातल्या वस्तूंवरून बसवलं. दिवसाला एक लिटर गाईचं दूध, तीन उकडलेली अंडी, 60 ग्रॅम नाचणीचं पीठ, 60 ग्रॅम मूगडाळ, दोन चमचे तेल, थोडी साखर. याच्यात साधारण 1,400 कॅलरी आणि 68 ग्रॅम प्रथिनं होतात, म्हणजे 47 किलोच्या माणसाला लागतात तेवढी. अंडी-डाळ मिक्सरमधून दोनदा काढायची, नाचणीची पेज पातळ करायची, मग सगळं धुतलेल्या सुती फडक्यातून गाळायचं. गाळल्याशिवाय नळीत काहीही घालायचं नाही. शेंगदाण्याचा कूट पौष्टिक असला तरी नको, नळी त्यानेच सगळ्यात जास्त तुंबते. गोळ्या पूड करून, पाण्यात विरघळवून, एकेक वेगळी. गाळलेल्या मिश्रणात थोडं पाणी घालून सारखं करायचं आणि 250 मिलिलिटरची सात फीड, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत. प्रत्येक फीडआधी आणि नंतर 50 मिलिलिटर साधं पाणी. फीडच्या वेळी बसवायचं आणि नंतर अर्धा-पाऊण तास आडवं होऊ द्यायचं नाही. गावात भारनियमन दुपारी असतं, म्हणून मिक्सरचं काम सकाळी उरकून फीड फ्रिजमध्ये ठेवायचं. फ्रिज शेजाऱ्यांकडे होता आणि शेजाऱ्यांनी एक कप्पा रिकामा करून दिला.

नळी नाकपुडीशी जिथे येते तिथे मार्करने रेघ मारून दिली होती. रेघ पुढे-मागे सरकली तर फीड द्यायचं नाही, आधी फोन. आणि नळी पूर्ण निघाली तर कुणीही, अगदी गावातल्या डॉक्टरनेही, ती आंधळेपणाने परत घालायची नाही. आतल्या जोडावर ती जाऊन टेकू शकते, किंवा श्वासनलिकेत जाऊ शकते. पंधरा दिवसांनी पहाटे ती खरंच निघाली. झोपेत ओढली गेली होती. ताईंनी फोन केला तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर नवी नळी उघडून तयार होता. त्या म्हणाल्या, "घालू देऊ नका असं तुम्हीच सांगितलंय ना, म्हणून ह्यांना तसंच घेऊन निघालो." पाच तासांचा प्रवास करून आले. नळी वॉर्डात, एक्स-रे बघून घातली.

सहा आठवड्यांची मुदत

पॅथॉलॉजीचा अहवाल मधल्या काळात आला होता. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ होत्या, मानेतली एक गाठ बाधित, पण कर्करोग तिच्या आवरणाबाहेर गेलेला नव्हता. म्हणजे केमोची गरज नाही, रेडिएशन मात्र हवंच, 60 ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं माप), 30 वेळांत वाटून. ते शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं लागतं. उशीर झाला तर कर्करोग उलटण्याची भीती वाढते. आता मागे वळून हिशेब केला तर मानेतला रक्तस्राव, लाळेची गळती, उशिरा भरलेली जखम, या सगळ्यांनी याच मुदतीतले दिवस खाल्ले. शुश्रूषा नीट होणं म्हणजे फक्त फ्लॅप वाचणं नव्हे. कर्करोगाच्या पुढच्या उपचाराला रुग्ण वेळेवर पोचणं हेही त्यातच येतं.

गळती तिसाव्या दिवशी बंद झाली. रंगीत पाणी पाजून बघितलं, मानेतून काही आलं नाही. किडलेल्या दाढा सुदैवाने ऑपरेशनमध्येच काढल्या होत्या. नंतर काढाव्या लागल्या असत्या तर त्या जखमा भरेपर्यंत रेडिएशन आणखी पुढे गेलं असतं. 41 व्या दिवशी रेडिएशनचा पहिला शेक झाला. राहायला धर्मशाळेत जागा मिळाली नसती, तर हेही जमलं नसतं.

तोंड उघडण्याचा व्यायाम गळती भरल्यावर लगेच सुरू केला होता. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दाढांच्या मध्ये ठेवायच्या, दर दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढवायची. सुरुवात 22 मिलिमीटरला झाली. 35 च्या खाली असेल तर तोंड आखडलेलं समजतात. रेडिएशन चालू असताना तोंड सोललेलं असतं, काड्या नकोशा होतात, आणि नेमक्या त्याच काळात सोडल्या तर स्नायू कायमचे आखडतात. डाव्या खांद्याचंही तसंच. मानेच्या गाठी काढताना खांद्याची नस (मज्जातंतू) वाचवली असली तरी ती दुखावते, हात डोक्यावर जात नाही. भिंतीवर बोटांनी चढत जाण्याचा व्यायाम धर्मशाळेच्या व्हरांड्यात रोज व्हायचा. दुसऱ्या खोल्यांतले रुग्णही त्यात सामील झाले होते.

रात्रपाळीवरून ठरवा

या प्रकरणातून माझं एक ठाम मत झालं आहे आणि ते सगळ्या सर्जन मित्रांना आवडणार नाही. फिब्युलासारखा मोकळा, म्हणजे वाहिन्या कापून दुसरीकडे जोडायचा, फ्लॅप करायचा की नाही, हे सर्जनच्या हातावरून ठरवू नये. रात्रपाळीवरून ठरवावं. त्या गुरुवारी रात्री दोनला जी सिस्टर ड्यूटीवर होती, तिच्याकडे चारच रुग्ण होते. तिच्याकडे वीस असते तर तिने तक्त्यात टिकमार्क केला असता आणि फ्लॅप सकाळच्या राउंडला काळा सापडला असता. आणि तो दोष तिचा नसता.

ज्या दवाखान्यात रात्री फ्लॅप बघायला प्रशिक्षित माणूस नाही आणि पहाटे तीनला थिएटर उघडत नाही, तिथे छातीच्या स्नायूचा फ्लॅप बरा. 1979 मध्ये स्टीफन आरियन यांनी तो रूढ केला आणि आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी आजही तो हजारोंच्या उपयोगी पडतो. त्याच्या वाहिन्या कापून जोडाव्या लागत नाहीत, त्याला तासातासाची पहारेदारी लागत नाही. चेहरा तितका सुबक होत नाही, गालात जाडसर गोळा राहतो, जबड्याचं हाड भरून येत नाही. पण माणूस जगतो आणि रेडिएशनला वेळेवर पोचतो. फसलेल्या मोकळ्या फ्लॅपनंतर बऱ्याचदा हाच करावा लागतो, तोही पंधरा दिवस वाया घालवून आणि पायाचं हाड गमावून.

या रुग्णाच्या खाटेशी तेव्हापासून एक पाटी कायमची लागली: "मानेला फीत, पट्टी, मास्कचं इलास्टिक काहीही बांधू नये." ओपीडीच्या फॉर्मवरचा दारूचा रकाना अजून तसाच आहे. तो भूलतज्ज्ञांच्या खोलीत, एकट्याला विचारायचा असं ठरवायला सांगितलं आहे.

रेडिएशनच्या पाचव्या आठवड्यात तोंड इतकं सोललं की नाकातली नळी पुन्हा घालावी लागली. तीन आठवड्यांनी ती निघाली. आता वजन 50 किलो आहे, तोंड 29 मिलिमीटर उघडतं, मऊ भात-वरण, अंड्याची पातळ भुर्जी, दुधात कुस्करलेली चपाती चालते. टेम्पोवर मुलगा जातो. फिब्युलात दाताचे स्क्रू बसवता येतात, पण रेडिएशन झालेल्या हाडाचा प्रश्न असल्यामुळे ती चर्चा पुढे ढकलली आहे. पहिलं वर्ष दर दोन महिन्यांनी तपासणी, आणि प्रत्येक वेळी काड्या मोजायच्या.